टांगा, सायकल आणि कन्हार

मागच्या पावसाळ्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका बांधवाने विहारापुढे नवी कोरी सायकल उभी केली. "पोरगी आठवीत गेली. कशी वाटते?" त्यांनी विचारले. आम्ही पोरीला बसायला सांगितले. पाय भुईला टेकेनात. "वाढतं अंग आहे, पुढे कामी येईल," वडील म्हणाले.

आम्हाला चाळीसगाव आठवले. २३ ऑक्टोबर १९२९. बाबासाहेब स्टेशनवर उतरले, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. साहेबांनी पायी यावे हे आपल्या लोकांना सोसेना. शेवटी तडजोड झाली : टांगा भाड्याने घ्या, हाकणारा तुमचा आणा. लगाम धरला तो आपलाच माणूस, पण त्याचा तो धंदा नव्हता. थोडे पुढे जाताच मोटारीशी टक्कर होता होता वाचली. नदीच्या फरशीवर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला; घोडा आणि टांगा नदीत! नकार देणाऱ्यांचा विटाळ तर उघडच आहे. पण बाबासाहेबांनी ही हकीकत लिहिताना आपल्यालाही सोडले नाही. लोकांनी मान पाहिला, बसणाऱ्याचा जीव पाहायचे विसरले, असे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे.

सायकलीचेही तेच. चकाकी हा मान झाला. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे भुईला लागले पाहिजेत. पायडल खाली गेले की गुडघा किंचित वाकलेला राहावा; ताठ झाला तर सायकल मोठी. ब्रेकच्या दांडीला बोटे सहज पोचतात का, हे पोरीच्या हाताने पाहा, बापाच्या नव्हे. उतारावर नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबू नये, हेही तिला शिकवा.

आणि वाट? आपल्याकडे धानाच्या बांध्यांतून पांदण जाते. कन्हार माती ओली झाली की मडगार्डात गच्च बसते, चाक फिरतच नाही. तिथे महागडी सायकलही ओझेच. (पांदणीवर मुरूम पडावा म्हणून ग्रामसभेत आपल्या किती बाया बोलतात, हा निराळा विषय.)

वडिलांनी दुकानदाराकडून सायकल बदलून लहान आणली. सीट अजून खाली करायची आहे. पांदण वाळेपर्यंत पोरगी डांबरी रस्त्यापर्यंत पायीच जाते, सायकल तिथल्या एका मावशीच्या पडवीत असते.