उशाशी निजलेला उंदीर

मुलांच्या पुस्तकांत मित्रद्रोह असावा काय, ही शंका आपल्याकडील पालकवर्गात जुनीच आहे. वास्तविक पंचतंत्राच्या पहिल्याच तंत्राचे नाव 'मित्रभेद'. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या स्नेहात दमनक कोल्हा विष कालवतो आणि शेवटी सिंहाच्या हातून बैल मारला जातो, ही कथा आजीच्या मांडीवर ऐकून आपल्या घरांतल्या पिढ्या वाढल्या. तिच्यामुळे कोणी बिघडल्याचे ऐकिवात नाही.

मात्र तेथे कलागत लावणारा बाहेरून येतो, आणि कोल्ह्याला मूल पहिल्या भेटीतच ओळखते. जे. के. रोलिंगबाईंच्या हॅरी पॉटर मालिकेतील तिसऱ्या, १९९९ साली निघालेल्या 'अझकाबानचा कैदी' ह्या पुस्तकात ही सोय नाही. (मालिकेतील पुढचे ग्रंथ भलतेच लठ्ठ झाले, हे त्या मानाने आटोपशीर आहे.) येथे द्रोही हा चौघा जिवलग मित्रांतलाच एक. उंदराचे रूप घेऊन तो बारा वर्षे एका सज्जन कुटुंबात राहतो आणि त्या घरातल्या मुलाच्या अंथरुणात निजतो.

त्या चौघांची मैत्री मोठी लोभस रंगविली आहे. रीमस ल्युपिन हा पौर्णिमेच्या रात्री लांडगा होतो. तो एकटा पडू नये म्हणून बाकीचे तिघे शाळकरी वयातच चोरून पशुरूप घेण्याची विद्या शिकतात. जेम्स काळवीटासारखा शिंगाळू होतो, सिरियस कुत्रा आणि पीटर उंदीर. पुढे जेम्सच्या जिवावर बेतले तेव्हा त्याच्या घराचे गुपित, सिरियसच्याच सूचनेवरून, पीटरकडे सोपविले गेले. असल्या दुबळ्या माणसाचा कोणाला संशय यायचा? त्याने ते शत्रूला सांगून टाकले. जेम्स व त्याची पत्नी मारली गेली आणि निरपराध सिरियस चौकशीवाचून तुरुंगात पडला.

आम्हांस ह्या कथेत सर्वांत मोलाची वाटते ती एक लहानशी गोष्ट. गोटात कोणीतरी फितूर आहे एवढे कळले होते, आणि सिरियसने संशय घेतला तो लांडग्यावर! ल्युपिननेही बारा वर्षे सिरियसलाच अपराधी मानले. भेट झाल्यावर दोघे एकमेकांची क्षमा मागतात, ती दोन वाक्यांत. पीटरने दोन जीव घेतले हे तर खरेच, पण जे उरले त्यांचाही परस्परांवरचा विश्वास त्याने पोखरून ठेवला होता. द्रोहाचे हे दुसरे नुकसान थोरांच्या कादंबऱ्यांतूनही क्वचितच इतके स्वच्छ दाखविलेले आढळते.

खलपुरुष कुरूप आणि सज्जन देखणा, ही ओळख आपणच मुलांना शिकवीत असतो. येथे ज्याच्या घराण्याचे नाव काळे तो निष्ठावंत निघतो, आणि जो कोणाच्या डोळ्यांत भरत नव्हता तो घात करतो. ते दोघे मित्र पीटरला ठार करायला निघतात तेव्हा तेरा वर्षांचा हॅरी त्यांना अडवितो. पीटरबद्दल त्याला दया नाही; बापाच्या मित्रांनी खुनी व्हावे हे बापाला रुचले नसते, एवढेच त्याचे म्हणणे. पीटर त्याच रात्री निसटतो. लेखिकेने मुलाच्या ह्या निर्णयाचे बक्षीस त्याला हातोहात दिले नाही, हे आम्हांस विशेष आवडले.

शेवटी ल्युपिन, त्या शाळेतला मुलांचा सर्वांत आवडता शिक्षक, राजीनामा देऊन सामान बांधतो. त्याचे लांडगेपण शाळेत फुटलेले असते. कोणी त्याला काढलेले नाही. पण उद्या पालकांची पत्रे येऊ लागतील, हे त्याला पक्के ठाऊक आहे.