आमवातात पूरक आहाराचे स्थान

पिकाची पाने पिवळी पडू लागली की जाणता शेतकरी प्रथम एक प्रश्न स्वतःस विचारतो : ही अन्नद्रव्याची उणीव आहे की रोग आहे? जस्ताची उणीव असेल, तर झिंक सल्फेट दिल्याने भात सावरतो. परंतु करपा पडलेल्या भातास कितीही झिंक सल्फेट घातले, तरी करपा हटत नाही. भूक निराळी आणि रोग निराळा, हा विवेक आपण शेतात पाळतो. तोच विवेक स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र पुष्कळदा सुटतो. सांधेदुखीवर म्हणून बाजारात जे डबे, गोळ्या व चूर्णे विकली जातात, त्यांच्याविषयी चार शब्द लिहावयाचे, ते याच कारणासाठी.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण देतो. कांद्याच्या लागणीस जाणाऱ्या एका भगिनीची बोटे सकाळी उठल्यावर वळेनाशी झाली. दोन्ही हातांच्या पेरांवर सूज येई. दिवस वर चढला की थोडे बरे वाटे. घरच्यांनी आठवड्याच्या बाजारातून ‘सांधे मोकळे करणारी’ शक्तिवर्धक पूड आणली; ती संपल्यावर दुसरी आणली. असे आठ महिने गेले. तालुक्याच्या गावी डॉक्टरांस दाखविले, तोवर बोटे वाकडी होऊ लागली होती. पुढे औषधाने सूज उतरली, परंतु वाकलेली बोटे सरळ झाली नाहीत. पूड विषारी नव्हती. नुकसान झाले ते गेलेल्या वेळेमुळे.

या व्याधीस बोलीभाषेत आमवात म्हणतात. वय झाल्यावर गुडघे झिजून होणारी सांधेदुखी ती ही नव्हे. आमवातात शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच वाट चुकते आणि सांध्याच्या आतील अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजते, जाड होते व पुढे कूर्चा आणि हाड कुरतडते. ही हानी बहुधा रोगाच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा रोग दोन ते तीन पट अधिक आढळतो. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू करण्यात आली. तीत सुमारे दर दोनशे प्रौढांमागे एकास हा रोग असल्याचे दिसून आले. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावात असे पाच-सात रुग्ण असणे अगदी शक्य आहे, आणि त्यांत कामाच्या वयातील स्त्रियाच अधिक असणार.

आता पूरक पदार्थांकडे वळू. ते सर्वच निरुपयोगी आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. माशाच्या तेलातील ओमेगा-३ स्निग्धाम्ले आमवातात थोडाफार गुण देतात, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. सांध्यांचे दुखणे व सकाळचा ताठरपणा काहीसा कमी होतो आणि वेदनाशामक गोळ्या कमी लागतात. परंतु यात दोन अटी आहेत. एक, या स्निग्धाम्लांची मात्रा रोज सुमारे तीन ग्रॅम लागते. बाजारातील एक ग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ती जेमतेम तीनशे मिलिग्रॅम असतात. म्हणजे रोज नऊ-दहा कॅप्सूल झाल्या. दुसरी अट, निदान तीन महिने थांबावे लागते. रोज एक कॅप्सूल घेऊन पंधरा दिवसांत गुणाची वाट पाहणाऱ्याचे पैसे व्यर्थ जातात. शिवाय रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डॉक्टरांस विचारल्यावाचून एवढी मात्रा घेऊ नये. कोकणातील बंधूंस तारली व बांगडा हे मासे हाताशी आहेत. ते आठवड्यातून दोन-तीन वेळा ताटात आले, तर उत्तमच. मात्र तेवढ्याने औषधी मात्रा पुरी होत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातील वाचक विचारतील, आमच्या जवसाचे काय? जवसातही ओमेगा-३ विपुल आहे, परंतु ते निराळ्या जातीचे आहे. शरीरात त्याचे माशातील प्रकारात रूपांतर फारच अल्प प्रमाणात होते. जवसाची चटणी अवश्य खावी. ती अन्न म्हणून चांगली आहे; पण तिला औषध समजू नये.

हळदीची गोष्ट अशीच आहे. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले व तिचा आपणांस अभिमान आहे. हळदीतील कुरकुमिन या द्रव्यात दाह कमी करण्याचा गुण आहे, आणि आमवाताच्या काही लहान चाचण्यांत त्याचा लाभही दिसला आहे. परंतु त्या चाचण्यांत काढलेला अर्क वापरला होता. हळकुंडाच्या पुडीत कुरकुमिन शेकडा तीनच्या आसपास असते व ते आतड्यातून फारसे शोषले जात नाही. मिऱ्यातील पायपेरिन सोबत दिल्यास शोषण पुष्कळ वाढते, असे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखविले. त्याच आधारावर आज अधिक शोषल्या जाणाऱ्या हळद-अर्काच्या गोळ्या विकल्या जातात. अशा गोळ्यांनी काही जणांच्या यकृतास इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत झालेल्या आहेत. तात्पर्य, भाजीतील हळद निर्धोक आहे; अर्काच्या गोळीस मात्र औषधाइतकेच जपले पाहिजे. गुळवेलीविषयीही सावध असावे. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद काहीही असो; आमवाताची काही औषधे यकृतावर ताण देणारी असल्याने रुग्णाने आपण होऊन ती घेऊ नये, हेच शहाणपणाचे.

ड जीवनसत्त्व व कॅल्शियम यांची गोष्ट वेगळी आहे. ती आमवात बरा करीत नाहीत. परंतु या रोगात, आणि विशेषतः स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णात, हाडे ठिसूळ होतात, म्हणून ती आवश्यक ठरतात. नाचणी, तीळ व दूध यांतून कॅल्शियम मिळते. ड जीवनसत्त्वाची साठ हजार एककांची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. ती रोज घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडू शकतात. ग्लुकोसामिनचा प्रचार मुख्यतः झिजेच्या सांधेदुखीसाठी होतो. आमवातात त्यावर पैसा घालविण्याचे कारण नाही.

ज्या पूरकाविषयी संशय उरलेला नाही, ते मात्र अगदी स्वस्त आहे. आमवातावरील मुख्य औषध मेथोट्रेक्सेट हे होय. त्यासोबत फॉलिक ॲसिडची गोळी दिल्याने मळमळ, तोंड येणे व यकृतावरील ताण कमी होतो. येथे एक इशारा ठळकपणे द्यावयास हवा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्याने प्राण गेल्याची उदाहरणे आहेत. गरोदरपणात ते मुळीच चालत नाही. या औषधावर असता मद्य टाळावे व ठरल्याप्रमाणे रक्ततपासणी करून घ्यावी.

सर्वांत मोठा धोका डब्यावर न लिहिलेल्या वस्तूचा आहे. ज्या निनावी पुडीने दोन दिवसांत चमत्कार होतो, तीत बहुधा स्टिरॉइड मिसळलेले असते. काही महिन्यांनी चेहरा फुगतो, साखर वाढते, हाडे पोकळ होतात. आणि पुडी एकाएकी बंद केली, तर जीवावर बेतू शकते. म्हणून अशी पुडी घेणाऱ्यास ती फेकून दे असे न सांगता, पुडीसह डॉक्टरांकडे न्यावे.

कायदा याविषयी मुका नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या परिशिष्टात संधिवाताचा उल्लेख आहे. म्हणून तो बरा करण्याची हमी देणारी जाहिरात हा अपराध आहे. तसेच अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे पूरक आहाराच्या डब्यावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाचा मजकूर छापावा लागतो. तो मजकूर बारीक अक्षरांत इंग्रजीत असतो आणि विक्रेता मोठ्या आवाजात मराठीत बोलतो, हीच आपली अडचण आहे.

आमचे मत असे आहे की, दोष केवळ विक्रेत्याचा नाही. रुग्णाने हळदीचा वा जवसाचा विषय काढताच त्यास झिडकारणारे डॉक्टरही या दोषाचे वाटेकरी आहेत. झिडकारलेला रुग्ण पुढच्या वेळी पूड घेतो आणि ती सांगत नाही. आपल्या अन्नाविषयी काही करावेसे वाटणे ही रुग्णाची इच्छा निंद्य नव्हे. तिला योग्य जागा दाखविली पाहिजे. आणि ती जागा औषधाच्या शेजारी आहे, औषधाच्या ऐवजी नाही.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरभेटीत तीन गोष्टी विचाराव्यात. सकाळी सांधे अर्ध्या तासाहून अधिक वेळ ताठ राहतात काय? हातापायांच्या लहान सांध्यांवर सहा आठवड्यांहून अधिक काळ सूज आहे काय? दुखण्यावर सध्या कोणती पूड वा गोळी चालू आहे? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर होय आले, तर रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे व तेथून जिल्हा रुग्णालयात तपासणीची सोय होते किंवा कसे याचा पाठपुरावा करावा. बिडी ओढणाऱ्यास ती सोडण्याचा आग्रह करावा, कारण धूम्रपानाने हा रोग होण्याचा संभव वाढतो व झाल्यास तो अधिक तीव्र होतो. डब्याऐवजी तेच पैसे औषध, तपासणी व घरातील सकस अन्न यांवर खर्च व्हावेत, असे घरातील कर्त्या माणसास समजावून सांगावे.

खत हे खताच्या जागी आणि औषध हे औषधाच्या जागी, हे शेतकऱ्यास नव्याने शिकवावयास नको. कांद्याची रोपे लावणारे हात पुढील हंगामातही लागणीस यावेत असे वाटत असेल, तर सूज दिसताच पावले दवाखान्याकडे वळली पाहिजेत. चटणीतील जवस व भाजीतील हळद घरी आहेच. तिच्यासाठी रांग लावावी लागत नाही.