मेक झालं, पिप रुसलं
उबुंटूवर पायथन सोर्सपासून बांधायला घेतलं की हमखास फसगत होते. कॉन्फिगर निमूट पार पडतं, मेकही कुरकुरत नाही. पिप चालवलं की कळतं, एसएसएल मॉड्यूलच नाही! अहो, ओपनएसएसएल तर मशीनवर आहे. आहे, पण वापरण्यापुरतं. बांधणीला हेडर फायली लागतात, आणि डेबियनच्या घरात त्या वेगळ्या डब्यात असतात: ‘लिबएसएसएल-डेव्ह’. ‘झेडलिब’चं, ‘एसक्यूलाइट’चंही तेच. खरं तर न जमलेल्या मॉड्यूलांची नावं मेकने शेवटी छापलेली असतात, पण त्या ओळी वाचतो कोण? (मीही वाचल्या नव्हत्या, दुपार गेली.) डेव्ह पॅकेजं टाकल्यावर नुसत्या मेकवर विसंबू नका, कॉन्फिगरपासून पुन्हा सुरुवात करा.