खरजेचा बंदोबस्त

ज्या सूक्ष्म अष्टपाद जीवाची मादी त्वचेच्या वरच्या थरात भुयार खणून अंडी घालते, त्याची व खरजेची सांगड १६८७ साली इटलीत बोनोमो याने घालून दिली असली, तरी तिचा समूळ बंदोबस्त आजवर झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली या व्याधीस उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले, हाच त्याचा दाखला. ऑस्ट्रेलियात डार्विन येथील वैद्यांनी, जाड खपल्या धरणाऱ्या उग्र खरजेसाठी, आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांच्या जोडीस शेकडा २५ बेंझिल बेंझोएटच्या लेपात शेकडा ५ टी-ट्री तेल मिसळण्याची तजवीज केली. कारण त्या तेलातील टर्पिनेन-४-ऑल हे द्रव्य या जीवास मारक ठरते, आणि भिन्न मार्गांनी होणाऱ्या आघातांपुढे त्याचा निभाव लागणे कठीण, अशी त्यामागील अपेक्षा. परंतु वनस्पतिज म्हणून निरुपद्रवी, हा समज घातक होय. निर्भेळ सुगंधी तेल त्वचेस दाह करते. तेल हे औषधाचे साहाय्यक आहे, प्रतिस्पर्धी नव्हे. शिवाय घरात एकास औषध आणि बाकीच्यांस अभय, ही वाटणी खरजेस फार मानवते. म्हणून वैद्याच्या सल्ल्याने साऱ्या घराने एकाच दिवशी उपचार घ्यावा, ही वाचकांस विनंती.