पाणबुड्याची वही

कॅलिफोर्नियातील माँटेरेच्या किनाऱ्यावरून थेट पाण्यात उतरणारे हौशी पाणबुडे केल्प या उंच शैवालाच्या जंगलातले प्राणी पाहतात. पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषते. म्हणून १० मीटर खोलीवर तांबडा तारामासा काळपट दिसतो. विजेरी लावली की खरा रंग कळतो.

पण नुसते पाहणे पुरेसे आहे का? २०१३ पासून रोगाने तेथील सूर्यफूल-तारामासे जवळजवळ नाहीसे झाले. ते किती घटले, हे पाणबुड्यांनी आधीपासून ठेवलेल्या नोंदींमुळे सांगता आले.

प्रयोगवहीत आकडे न मांडता केलेला प्रयोग आपण ग्राह्य धरीत नाही. मग पाण्याखालच्या निरीक्षणाला वेगळा नियम कशाला? विद्यार्थी मित्रांनो, समुद्रावर गेलात तर शिंपले वेचण्यापेक्षा काय, कोठे, किती दिसले ते तारखेसह लिहून ठेवा.