हाताचे शिक्षण कोणासाठी?

रायपूरच्या समता कॉलोनीतील एखाद्या मराठी घरात दहावीच्या निकालानंतर होणारी चर्चा आपणांसही परिचित असेल. गुण भरपूर पडले, तर विज्ञान शाखा. कमी पडले, तर ‘आयटीआयला घालू’. हाताचे काम म्हणजे जणू मागे पडलेल्यांचा वाटा! ही वाटणी आपण किती सहज मान्य केली आहे, वाचकहो!

१९३७ साली रायपूर आणि वर्धा एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. प्रांताचे शिक्षणमंत्री होते रायपूरचे वकील पंडित रविशंकर शुक्ल. त्या वर्षी २२ व २३ ऑक्टोबरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. तीतून नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने शाळेच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगाला दिली. परंतु सर्वांना विणकर करावे, असा हेतू नव्हता. सुताचे तार मोजताना गणित यावे, कापसाच्या बोंडातून निसर्गाची ओळख व्हावी, आणि हे शिक्षण सर्वच मुलांस मिळावे, ही त्यामागील दृष्टी होती. अमेरिकेत जॉन ड्यूई यांनीही १९१६ च्या आपल्या ग्रंथात हाच भेद स्पष्ट केला होता : उद्योगाद्वारे शिक्षण द्यावे, एखाद्या उद्योगापुरते मूल तयार करू नये.

मग हा विचार रुजला का नाही? मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, ही गांधीजींची अपेक्षा होती. आर्थिक बाजूवर भर देताना शिक्षणाचा हेतू बाजूला पडेल, असा इशारा समितीनेच दिला होता. पण त्याहून मोठे कारण आपल्या घरात आहे. आपण टकळीचे कौतुक केले. स्वतःच्या मुलांस मात्र पुस्तकी शाळेत धाडले. साहजिकच मूलोद्योग शाळा खेड्यातील, गरिबांच्या शाळा ठरल्या.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ शिकण्याची सोय सुचविली आहे. ते दहा दिवस सहलीत घालवावयाचे की शिक्षणात, हे केवळ शाळेवर अवलंबून नाही. रंधा मारून परतलेल्या मुलास आपण प्रथम काय विचारतो? ‘याचे गुण किती?’ की ‘लाकडाचा कोन कसा मोजलास?’ दुसरा प्रश्न प्रत्येक घरात, हुशार म्हणविल्या जाणाऱ्या मुलासही, विचारला जाईल, तेव्हाच ती जुनी वाटणी मोडू लागेल.