फोमचा बर्थ आणि एसटीचा बाक

परवा रेल्वेनं कणकवलीला येताना शेजारच्या विशीतल्या मुलाला विचारलं, ‘राजापूर मतदारसंघ माहीत आहे?’ तो म्हणाला, ‘राजापूरची गंगा माहितीय.’ त्याची काही चूक नाही. २००९च्या निवडणुकीपासून राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघच उरलेला नाही. फेररचनेत तो रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला.

माझी आत्या अंगठेबहाद्दर, पण बॅरिस्टर नाथ पैंना घरच्या मुलासारखं ‘आमचो नाथ’ म्हणायची. वेंगुर्ल्याचा हा माणूस १९५७ला संयुक्त महाराष्ट्राच्या वाऱ्यात राजापुरातून निवडून आला, तो झोपडी या चिन्हावर १९६२ आणि १९६७लाही. मनीऑर्डरवर जगणाऱ्या गावांनी दिल्लीला पाठवला तो संसद गाजवणारा वक्ता. मूलभूत हक्कांत दुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला हवा, म्हणून त्यांनी खासगी विधेयक आणलं. त्यातलं आत्याला काही कळत नसे. पण नाथ बोलणार म्हटलं की घरची कामं भराभर उरकायची.

जानेवारी १९७१मध्ये नाथ पै गेले. दोनच महिन्यांत मधू दंडवते उभे राहिले. मूळचे नगरचे, मुंबईत भौतिकशास्त्र शिकवणारे, म्हणजे आमच्या हिशेबानं परकेच. तरी सलग पाच वेळा निवडून आले, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या १९८४च्या लाटेतसुद्धा. कोकणी माणूस भाऊबंदकीत मुरलेला, असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा ध्यानात घ्यावं.

१९७७ला ते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम आला. देशभरच्या पाठींना आराम मिळाला. आमच्याकडे मात्र गाडीच नव्हती! गणपतीला मुंबईहून निघायचं ते लाल डब्यात, रात्रभर. कशेडी घाटात आई तोंडात आवळासुपारी कोंबायची, तरी कोणीतरी खिडकीतून मान बाहेर काढायचंच. फोम आमच्या खासदाराचा आणि एसटीचा बाक आमचा, अशी थट्टा घरात चालायची. आत्या मात्र बजावायची, ‘गाडी येतली.’

१९९०ला कोकण रेल्वे महामंडळ झालं तेव्हा दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. काम सुरू झालं, आणि १९९१ला राजापूरनं दंडवत्यांना पाडून काँग्रेसच्या सुधीर सावंतांना निवडलं. पुढे १९९६पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू. तेही २०१४ला रेल्वेमंत्री झाले, पण राज्यसभेतून.

१९९१च्या निकालावर बापूस-काके हळहळत बसले होते, कृतघ्न वगैरे शब्दही निघाले. मी आत्याला विचारलं, तू कोणाला दिलंस? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘तेका रेल्वे हाडूक सांगलेली, ती चालू केल्यान. आता रस्त्याचा कोण बघतलो?’

२६ जानेवारी १९९८ला रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ उजाडलं. परवा स्टेशनवरून घरी जाताना रिक्षावाला त्याबद्दल जे बोलत होता, ते मालवणीतही छापण्यासारखं नाही.